मेश्रामसाहेब आणि गच्चीवरचे गोळे

मेश्रामसाहेब नव्या माणसाशी हात मिळवत नाहीत, नमस्कारही करत नाहीत. ते त्याचा उजवा अंगठा धरतात. दोन बोटांत घेऊन हलकेच दाबतात, थोडा फिरवतात आणि निकाल देतात. मला म्हणाले होते, "पाणी कमी पडलंय." आमचा मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे, रात्री दहाला घरी येतो. त्याला म्हणाले, "फार मळला गेलाय. थोडा वेळ झाकून ठेवा." तिसऱ्या मजल्यावरच्या लिमयेवहिनींचा अंगठा मात्र त्यांनी धरला नाही. लांबूनच बघून म्हणाले, "मीठ भरपूर." वहिनींनी ते कौतुक समजून दोन दिवस सगळ्यांना सांगितलं.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत ते राहायला आले, तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. दुय्यम निबंधक होते. घरांची, जमिनींची खरेदीखतं नोंदवायची आणि समोरच्याचा अंगठा धरून कागदावर, पुढे यंत्रावर टेकवायचा, यात सगळी नोकरी सरली. मूळचे भंडाऱ्याचे. पुण्यात तीस वर्षं काढल्यामुळे आपल्यासारखंच बोलतात. राग आला किंवा माया आली की भंडारा वर येतो. एकटेच राहतात. लग्नाचं विचारलं, तर म्हणतात, "राहून गेलं." जणू गॅसचं बिल भरायचं राहिलं.

तर हा माणूस दर रविवारी सकाळी सोसायटीतल्या मुलांना जमवून मैदा मळायचा. पोळ्यांसाठी नव्हे, खेळण्यासाठी.

यामागे त्यांचा एक सिद्धान्त होता. यंत्रावर अंगठा उमटत नाही अशी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. विटा वाहणाऱ्यांचे, भांडी घासणाऱ्यांचे अंगठे झिजलेले असायचे. मग एके दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी आमच्या मनवाला आईच्या मोबाइलवर बोट सरकवताना पाहिलं. मनवा म्हणजे माझी सहा वर्षांची नात. "काहून वो," ते मला म्हणाले, "या पोट्ट्यांची बोटं काचेवरच गुळगुळीत होऊन राहिली. उद्या घर घ्यायला जातील आणि अंगठा उमटणार नाही. मग?"

मी म्हटलं, "उद्या घर घेण्याइतके पैसे उमटले तरी पुरे."

ते हसले नाहीत. पुढच्याच रविवारी त्यांनी पंपाच्या खोलीशेजारची रिकामी खोली मागून घेतली. मी अध्यक्ष असल्याने किल्ली मीच दिली.

कृती साधी होती. दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, लिंबाचा रस, दोन चमचे तेल आणि वरून उकळतं पाणी. पाणी ते स्वतःच घालायचे. कोमट झालं की मुलांच्या हवाली. रंगासाठी बीट, हळद, पालकाचा रस. पण खरी गंमत आत असायची. एका गोळ्यात रवा, एकात ओवा, एकात वेलदोड्याची पूड, एकात मोहरी. मुलांनी डोळे मिटून मळायचं आणि बोटांना काय लागतं ते सांगायचं. "डोळ्यांना सुट्टी," ते म्हणायचे. "हाताला विचार." कुणी चोरून डोळा उघडला, तर त्याच्या नाकाला मैदा लागे. कुणी गोळा तोंडात घातला, तर अडवायचे नाहीत. "एकदा चाख. मीठ शाळेपेक्षा लवकर शिकवतं."

मी पहिल्यांदा खोलीत डोकावलो ते आवाज येत नाही म्हणून. आमच्या सोसायटीतली पंधरा मुलं एका जागी आहेत आणि आवाज नाही, ही काळजीची गोष्ट होती. आत पाहिलं तर सगळी चटईवर मांडी घालून, डोळे मिटून बसलेली. हात चालू, ओठ किंचित उघडे. देवळातसुद्धा मी इतकी शांत तोंडं पाहिलेली नाहीत. मी चपला बाहेर काढल्या. का काढल्या, ते मलाही सांगता आलं नसतं.

मेश्रामसाहेबांनी त्या दिवशी मलाही एक गोळा दिला. सगळ्यांचे मळून झाल्यावर मी मुद्दाम गोळ्यांची अदलाबदल केली आणि त्यांना म्हटलं, ओळखा कोणाचा कुठला. त्यांनी डोळे मिटले, एकेक गोळा हातात घेतला. "हा चिडून मळलाय, आर्यन. काय झालं रे, घरी मार बसला? ही घाई, ही सान्वी. हा दोन्ही हातांनी नाही मळला, हा विहानचा, एका हातानं नाक पुसत होता." पोरं आपापले गोळे पुन्हा दाबून बघू लागली. मग शेवटचा गोळा दाबून ते थांबले. "हा कुणी मळलाच नाही," ते म्हणाले. "हा अध्यक्षसाहेबांचा."

आता जे घडलं ते नीट सांगतो, कारण सोसायटीत त्याची जी हकिगत चालते ती चुकीची आहे, आणि ती चुकीची चालू दिली ती मी.

भाद्रपद होता. त्या रविवारी मेश्रामसाहेब म्हणाले, आज रंग नाही, नुसता स्पर्श. पांढऱ्या मैद्यात त्यांनी हाताला लागावेत म्हणून काळे तीळ घातले आणि मुलांना सर्वांत अवघड काम दिलं, एकही भेग नसलेला गोळा करायचा. मुलं तासभर खपली. दहा-बारा गोळे असे जमले की बघत राहावं. ते सुकवायची जबाबदारी मनवाने घेतली, म्हणजे अर्थात माझ्यावर आली. घरात रिकामं ताट सापडेना. आदल्याच आठवड्यात मी वडिलांचं श्राद्ध घातलं होतं, त्यातल्या पत्रावळी उरल्या होत्या. एका पत्रावळीवर गोळे ओळीने मांडले, आम्ही दोघं गच्चीवर गेलो, आणि ऊन दक्षिणेच्या कठड्यावर होतं म्हणून तिथे ठेवून खाली आलो.

पितृपंधरवडा, पत्रावळ, पांढरे गोळे, काळे तीळ, दक्षिण दिशा. पिंडदानाची एवढी चोख मांडणी वैकुंठ स्मशानातल्या गुरुजींनाही जमली नसती. आणि आठवड्यापूर्वी स्वतः पिंड दिलेल्या माझ्या डोक्यात ते आलं नाही.

लिमयेवहिनी पावसात सादळलेल्या कुरडया उन्हात टाकल्या होत्या, त्या बघायला वर गेल्या आणि तशाच खाली आल्या. पाच मिनिटांत निम्मी सोसायटी गच्चीवर. भोवती कावळे बसलेले. एक पुढे यायचा, चोच लावायचा, मान झटकून मागे जायचा. मीठच तेवढं होतं.

"कावळा शिवत नाहीये," वहिनी हळू आवाजात म्हणाल्या.

त्यावर कुणी हसलं नाही. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, आणि ती पुरी करण्याचा शब्द दिल्याशिवाय तो शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत. पण गेलेला कोण, हे कुणालाच माहीत नाही. मग अंदाजाने शब्द देणं सुरू झालं. एकाने पार्किंगचं भांडण मिटवतो म्हणून सांगितलं. लिमयेवहिनींनी हात जोडून लिफ्ट दुरुस्त करून घेण्याचं वचन दिलं. कावळ्यांनी तिकडेही लक्ष दिलं नाही.

मी त्या गर्दीत मागे उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. पण माणसं हात जोडून उभी असताना "अहो, ते मी ठेवलेत" म्हणायला जीभ वळेना. नंतर सांगू म्हटलं. तोवर कुणीतरी मैदा ओळखला. "हे मेश्रामांचं पीठ आहे." मग दुसरा म्हणाला, "आपल्या गच्चीवर असले विधी? कुणाला विचारून?" तिसरा म्हणाला, "त्यांच्यात असंच करत असतील." संध्याकाळी फलकावर सूचना लागली. सार्वजनिक जागेत पिठाचे कोणतेही विधी अथवा प्रकार करू नयेत, खोलीची किल्ली जमा करावी. खाली सही माझी.

मेश्रामसाहेब किल्ली द्यायला माझ्या दाराशी आले. आत आले नाहीत.

"माझ्या बापानं छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली," ते म्हणाले. "श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही, असं लाखो माणसांत उभं राहून बोलला. पुढं माझी आजी गेली. गावानं किती सांगितलं, भाऊबंद रुसले. नाही केलं. मी बौद्धाचा पोरगा. माझ्या नावावर तुम्ही पिंड लावले जी, अध्यक्षसाहेब."

किल्ली माझ्या हातावर ठेवून ते गेले. मी दार लावून घेतलं.

पुढचे रविवार फार गोंगाटात गेले. मुलं जिन्यात किंचाळत. मेश्रामसाहेब दिसेनासे झाले. दूध आणायलाही सगळे उठायच्या आत जाऊन येत. माणसं जिन्यात त्यांच्या मजल्याशी आली की आवाज खाली आणत. घरात मनवा रोज एकच प्रश्न विचारायची, तोही जेवताना.

"आजोबा, तू सांगितलंस?"

"काय?"

"गोळे आपण ठेवले ते."

"सांगणार आहे."

"कधी?"

तिची आई म्हणायची, जेव मुकाट्याने. ते ती मनवाला म्हणायची. मी मुकाट्याने जेवायचो.

शेवटी वार्षिक सभेत, ऐनवेळचे विषय पुकारल्यावर, मी उभा राहिलो आणि सांगितलं. पत्रावळ माझी, जागा मी निवडली, हात माझे. मेश्रामसाहेबांचा संबंध नाही, आणि त्यांच्या घरात ही प्रथाच नाही, हे आपण विचारलंही नाही. सूचना मी मागे घेतो, खोली उघडतो, अध्यक्षपद सोडतो.

मग लिमयेवहिनी म्हणाल्या, "म्हणजे मी लिफ्टचं वचन दिलं ते कुणाला?"

"वचन ते वचन," मागून कुणीतरी म्हणालं. "लिफ्ट करून घ्या."

लिफ्ट झाली. माझा राजीनामा मात्र कुणी घेतला नाही, कारण दुसरं कुणी अध्यक्ष व्हायला तयार नव्हतं. मेश्रामसाहेब सभेला आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. किल्ली घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे राहून ते मळत होते. हळदीचा गोळा झाला होता, बिटाचा झाला होता, पालकाचा चालू होता. पंधरा मुलांना पुरेल एवढं पीठ होतं. शेजारी मागच्या रविवारचे, त्याच्याही मागच्या रविवारचे गोळे डब्यांत झाकून ठेवलेले.

मी सभेतलं सगळं सांगितलं. माफी मागितली. ती नीट मागता आली नाही.

"माहीत होतं मला," ते हात न थांबवता म्हणाले. "गोळे तुम्ही ठेवले ते. त्याच दिवशी."

इथून पुढचं मी लिहितो आहे ते एवढ्याच भरवशावर, की मनवा इंग्रजी शाळेत आहे आणि तिला माझं मराठी वाचायला अजून काही वर्षं लागतील.

"तुमची नात आली होती," ते म्हणाले. "खाली वाक म्हणाली. वाकलो. कानात सांगितलं. म्हणाली, कुणाला सांगू नको, आजोबाला लाज वाटेल."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? माझ्या दाराशी आलात, तेव्हा तरी. एवढं सगळं ऐकून घेतलंत."

"तुमच्यावर राग आहे. तो आहेच. जाईल तेव्हा जाईल." त्यांनी गोळा उलटा केला, पुन्हा दाबला. "पण माझ्या कानाशी येऊन कुणी काही सांगितलं, त्याला जन्म लोटला असेल. आई होती तेव्हा सांगायची कधीमधी. ते काय मी तुमच्या फलकावर लावू?"

मी किल्ली ओट्यावर ठेवली. ती त्यांनी लगेच उचलली नाही. हात धुतले, पुसले, तिन्ही गोळे परातीत घेतले, वर ओला पंचा टाकला.

"मुलांना हाक मारा," म्हणाले. "आणि मनवाला कळू देऊ नका मी तुम्हाला सांगितलं ते. नाहीतर पुढचं सांगायची नाही."