डागाला पाय फुटले

"अहो, डाग आहे," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता बायको म्हणाली.

"कुठल्या भिंगात?"

"सगळ्याच!"

नवऱ्याने हातातलं काम टाकलं. अर्ध्या लिंबाएवढा पारदर्शक घुमट, त्याच्या गोलाईवर सुईच्या टोकाएवढी शेकडो भिंगं, आणि ती कोरणारा हा पठ्ठ्या. कारखान्यात सगळे त्याला 'मायक्रॉन'च म्हणत. केसाच्या जाडीएवढी चूक म्हणजे त्याला डोंगर! तपासणीला मात्र सख्खी बायको. उद्या गिऱ्हाईक कंपनीच्या खरेदीच्या मॅडम नग बघायला येणार होत्या. त्यांनी नाक मुरडलं की ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली की दोघांच्याही नोकऱ्या.

"कोरायच्या हिऱ्याचं टोक उडालं असणार," म्हणत त्याने हत्यार बदललं. खराब नग करणाऱ्यानेच फोडायचा, ही तिथली रीत. त्याने डोळे मिटून हातोडी घातली आणि नवा घुमट कोरला.

"आहेच की हो! फक्त डावीकडे सरकलाय."

"अगं, डाग सरकेल कसा?"

"मला काय विचारता? कोरलंय तुम्ही!"

दुसराही फुटला. साहेब धावत आले. "मशीन हादरतंय! पंखे बंद करा. चपला काढा. कुणी शिंकायचं नाही!"

तिसरा घुमट सगळ्यांनी श्वास रोखून, घामाघूम होऊन पार पाडला. तोवर दुसरा दिवस उजाडून मॅडम यायची वेळ झाली. बायकोने डोळा लावला आणि तिचा चेहरा पडला.

मायक्रॉनने हातोडी उचलली.

"अहो, थांबा! डागाला पाय आहेत! अगं बाई, चालतोय तो!"

सगळे वाकून बघू लागले. घुमटामागच्या दिव्याच्या काचेवर एक कोळी निवांत फिरत होता, आणि एकूण एक भिंग त्याला इमानेइतबारे दाखवत होतं.

"म्हणजे आधीचे दोन..."

"चांगलेच होते," बायको पुटपुटली. मायक्रॉनने हातोडी खाली ठेवली. साहेबांनी संतापून चप्पल उचलली आणि कोळ्याचा निकाल लावला. तेवढ्यात मॅडम दारात!

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "स्वच्छ आहे. पण कडेची भिंगं तितकंच नीट चित्र दाखवतात, याचा पुरावा काय?"

"पुरावा होता हो मॅडम," बायको म्हणाली, "आत्ताच साहेबांनी चिरडला."

"दुसरा शोधतो!" साहेब गडबडून दिव्यापुढे डोकं खुपसून कोपरे धुंडाळू लागले.

"आई गं!" मॅडम किंचाळल्या. थेट कडेपर्यंत, प्रत्येक भिंगात एकेक साहेब उलटा लटकत होता. "नाकावरचा घामसुद्धा दिसतोय! ऑर्डर पक्की. फक्त प्रत्येक नग असाच तपासायचा, साहेबांना उभं करून."

"किती नग आहेत?" साहेबांनी तिथूनच विचारलं.

"पाच हजार."

बायकोने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"साहेब, मान जरा डावीकडे घ्या."