सहावीतला हेडक्लार्क

आमच्या बोरीवलीच्या बी.एड. कॉलेजला गुणवत्तेचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि त्यासाठीची पद्धत आधी घरी राबवून बघावी असं मी ठरवलं. (मी तिथला हेडक्लार्क. राबवायला माणसं घरीच मिळतात, असा माझा समज.)

घरी माणूस एकच, माझी बायको अनुपमा. संसाराची वीस वर्षं काढून आता ती आमच्याच कॉलेजात बी.एड. करते. बाहेरून येणारा ऑडिटर तिचाच सराव पाठ बघणार होता. त्यामुळे तिची झोप उडाली होती.

"पाठ फसला ना, तर मी बी.एड. सोडणार!" ती म्हणाली. तेवढ्यात दूध उतू गेलं.

गुणवत्तेचा नियम असा, की चूक झाली तर 'का' विचारत मुळाशी जायचं.

"दूध का उतू गेलं?"

"लक्ष नव्हतं."

"का?"

"पाठ घोकत होते."

"का?"

"बी.एड. करायचंय म्हणून!"

"पण का?"

"वीस वर्षं तुमचं दूधच तापवलं म्हणून!"

मूळ सापडलं. मी निमूटपणे ओटा पुसला.

मग आठवडाभर तिने माझ्यासमोर पाठाची तालीम केली. विषय बाष्पीभवन. मला तो इतका पाठ झाला, की मी आंघोळीतही बडबडू लागलो.

सराव पाठात वर्गातले बाकीचे शिकाऊ शिक्षकच सहावीची मुलं होतात. नेमकी त्या दिवशी एक 'मुलगी' आजारी पडली. प्रिन्सिपल मृणालिनी मॅडमनी मला पहिल्या बाकावर बसवलं. मागे ऑडिटर पेन उघडून तयार.

अनुपमा आली. आल्या आल्या तिच्या हातातला खडू पडला. "मुलांनो, शुभ सकाळ—"

"बाष्पीभवन!" मी ओरडलो.

(मदत करायची होती हो!)

ऑडिटर मान वर करून बघू लागला. पाठ पढवून आणलेला आहे, हे आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वाट लागली! अनुपमाने माझ्याकडे पाहिलं. मग पडलेला खडू उचलला.

"जयवंत, उभा राहा!"

लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर तिच्या तोंडून माझं नाव आजच ऐकलं. तेही अरेतुरेत.

"जयवंतला उत्तर येतं, पण प्रश्न काय ते माहीत नाही. सांगा मुलांनो, काय असेल प्रश्न?"

"मॅडम, ओले कपडे कसे वाळतात?" मागून जयंती म्हणाली.

"गच्चीवरचं डबकं कुठे जातं?" विकीने विचारलं.

वर्ग असा काही पेटला, की घोकलेला पाठ तिला लागलाच नाही. ती हसत होती, फळ्यावर धडाधड लिहीत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, की डोळ्यांत पाणी आलं. बसायला मात्र तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

ऑडिटर खूश. "मॅडम, तुम्ही जन्मजात शिक्षिका आहात! आणि हा विद्यार्थी कुठून आणलात? काय अभिनय करतो!"

"अभिनय नाही सर," अनुपमा म्हणाली, "घरीही असेच असतात."

कॉलेजला सर्टिफिकेट मिळालं. सोबत एक शिफारस आली: प्रत्येक सराव पाठाला असा एक उपद्रवी विद्यार्थी कायम असावा.

तेव्हापासून दर मंगळवारी मी सहावीत बसतो. अनुपमा पास होऊन पुढच्या वर्षाला गेली. मला मात्र सातवीत घालायचं कुणी नावही काढत नाही.