ज्या डेपोचं विमान, त्याच डेपोचा टाईम

गाड्यांच्या वेळेवर बोलायचं तर अख्ख्या दिग्रसात भीमराजांपुढे कोणी तोंड उघडत नसे. बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते ते. कोणती गाडी कोणत्या वळणावर असेल, हे केबिनमध्ये डोळे मिटून सांगत. त्यामुळे लेक उर्वशी दोन वर्षांनी शिकागोहून घरी यायची ठरली, तेव्हा त्या हजारो किलोमीटरचा हिशेबही त्यांनी स्वतःकडेच घेतला.

"बाबा, मुंबईत विमान बदलून शनिवारी सकाळी नऊले नागपूरले उतरीन," तिनं फोनवर सांगितलं.

फोन ठेवून भीमराज बायकोकडे वळले. "हे नऊ तिच्याकडचे. तिचं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागं चालते. म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ."

"पण पोरगी तर नागपूरले नऊ म्हणे," शीलाबाई म्हणाल्या.

"तुले नाही समजत. ज्या डेपोची गाडी, त्याच डेपोचा टाईम."

शनिवारी सकाळी घराला कुलूप लावून दोघं भाड्याच्या जीपनं निघाले. त्या साली कापसाला भाव नव्हता, पण जिनिंगच्या गिरणीसमोर बैलगाड्यांची रांग होतीच. तिच्यातून वाट काढत यवतमाळ गाठलं. तिथे मेहुणीकडे पोटभर जेवून भीमराज निवांत आडवे झाले. घाई कशाची? हिशेब पक्का होता.

संध्याकाळी नागपूरच्या विमानतळावर त्यांनी ऐटीत चौकशी केली. खिडकीतल्या मुलीनं कागद चाळले. "काका, ते विमान तर सकाळीच आलं. नऊला."

शीलाबाई मटकन खाली बसल्या. "एकटी पोर! दिवसभर कुठं असंन ते? मी म्हणतच होती तुमाले!"

भीमराजांच्या तोंडचं पाणी पळालं. उर्वशीकडे इथला मोबाईल नव्हता आणि घरचा फोन कुलपाआड नुसता वाजत होता. पोलिसांत जावं की काय, असंही त्यांच्या मनात आलं. शेवटी, गाडी हरवली की ते जे करत तेच त्यांनी केलं. एसटीडी बूथ गाठून वाटेवरच्या एकेका स्थानकाला फोन लावला. वर्धा नाही म्हणालं. यवतमाळ नाही म्हणालं. दारव्ह्यानं उचललाच नाही. राहिलं आपलं दिग्रस. तिथे हाताखालच्या फुलचंदनं फोन उचलला.

"फुलचंद, एक पोरगी, मोठी बॅग..." भीमराज खुणा सांगू लागले.

"जय भीम साहेब. तुमची उर्वशी ना? दुपारच्या नागपूर गाडीनंच उतरली. घराले कुलूप, म्हून आपल्या केबिनमधी बसवली. भजे खाऊन राह्यली."

भीमराजांना रडूच आलं. बूथवाल्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. शीलाबाईंनी रिसीव्हर जवळजवळ हिसकावला, लेकीचा आवाज ऐकला, हुंदका दिला, हसल्या आणि मग तो नवऱ्याच्या हातात दिला.

"बाबा, मी नागपूरचा टाईम सांगितलता. तुमी त्याच्यात अमेरिका कायले मिळवली?"

भीमराजांनी घड्याळाकडे पाहिलं. "ते जाऊ दे. आमी निघून राह्यलो. आता साडेआठ, मधात चहाले थांबलो तरी..."

शीलाबाईंनी रिसीव्हर काढून घेतला. "बेटा, तू फुलचंदकडं जेवून घे अन् तिथंच झोप. आमी येऊ तवा येऊ. तुया बाबाले टाईम नोको इचारू."