नमुना क्रमांक एक ते पाच

आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला निघताना बायकोने बॅग भरता भरता त्याला दम भरला. "बाहेरचं खाल्लं की तुमचं पोट बिघडतं. दुपारचा डबा घरचाच न्यायचा. एक दिवस जरी चुकलात, तर मी आक्कांना बोलावून घेईन."

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. ती आली की घराचा ताबाच घ्यायची. पहाटे पाचला दिवे लावायची, कपाटं उपसायची आणि पन्नाशीला टेकलेल्या भावाला शेजाऱ्यांसमोर विचारायची, "कानामागे धुतलंस का रे?" आक्का टळत असेल, तर तो डाळभात काय, हत्तीसुद्धा शिजवायला तयार होता.

रविवारी त्याने पाच दिवसांचं चिकन एकदमच शिजवायला घेतलं. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत मिलिग्रॅमवरून वाद घालणारा हा गृहस्थ स्वयंपाकघरात मात्र सरळ मूठ वापरत होता. मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. मग हे तरी नक्की घातलं ना, अशी शंका आली. पाच डबे भरले आणि वीस वर्षांच्या सवयीने त्याच्या हाताने आपोआप प्रत्येकावर पांढरी चिठ्ठी चिकटवली: नमुना क्रमांक, पदार्थ, तारीख, वेळ.

रोज विसरायची भानगड नको म्हणून सोमवारी त्याने पाचही डबे कामावर नेले. तिथे जेवणाच्या फ्रिजमध्ये कुणाच्या तरी निरोपाचा केक ऐसपैस बसला होता. तासाभराचाच तर प्रश्न, असं म्हणत त्याने डबे नमुन्यांच्या फ्रिजमध्ये सरकवले आणि साहेबांच्या बैठकीला गेला. साहेब बोलायला लागले की घड्याळही थकायचं. तो दोन वाजता सुटला.

टेबलावर पाच डबे ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर लाखेची लाल मोहर होती. शेजारी नवी तपासनीस उभी होती. कामात कुणाचीच भीड न ठेवणाऱ्या या बाईला सगळे 'तागडी' म्हणायचे.

"सर, फॉर्म नव्हता, पण चिठ्ठ्या इतक्या व्यवस्थित होत्या! लगेच तपासायला घेतले."

"पाचही?"

"अर्धवट काम मला जमत नाही."

त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. "मग उरलेलं... ज्याचं त्याला परत मिळेल ना?"

"महिनाभर सीलबंद राहणार. आणि ज्याचं त्याला म्हणजे? कुणी स्वतःचा डबा त्या फ्रिजमध्ये ठेवला असेल तर त्याला मेमो. नियम भिंतीवर आहे, सर. खाली सही तुमचीच आहे."

त्याने भिंतीकडे पाहिलं. सही फारच झोकदार होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच!

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "जेवलात का?"

"डबा समोरच आहे," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं.

"फोटो पाठवा बघू."

त्याने पाठवला.

"अहो, डब्याला लाख कशाला लावलीय?"

"ताजं राहतं," म्हणून त्याने घाईघाईने फोन ठेवला.

चार वाजता अहवाल आला. मीठ मर्यादेच्या तिप्पट, तुकडे आतून कच्चे, मानवी सेवनास अयोग्य. खाली त्याच्या सहीची जागा रिकामी होती. 'चवीला बरे' असं काहीतरी लिहावं, असा मोह त्याला क्षणभर झाला. पण खोट्या अहवालावर त्याने जन्मात सही केली नव्हती. शिवाय हे पाच दिवस आपणच खाणार होतो, हेही त्याला आठवलं. त्याने मुकाट्याने सही केली.

"ज्याने कुणी हे केलंय ना सर, त्याला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देता कामा नये."

"नाही ठेवणार तो," तो हळूच म्हणाला.

भूक माणसाचा सगळा ताठा उतरवते. संध्याकाळी घरी येऊन त्याने स्वतःच आक्काला फोन लावला.

"आक्का, आठ दिवस येतेस का गं? तुझ्या हातचं खावंसं वाटतंय."

"तुझ्या बायकोनं सांगितलं नाही तुला? महिनाभर माझ्या मिनतवाऱ्या करत होती बिचारी. मी साफ नाही म्हटलं."

"नाही म्हटलंस? का?"

"का म्हणे! गेल्या खेपेला माझ्या चहात थर्मामीटर बुडवलास. पाहुण्यांसमोर माझ्या भाताला भिंग लावलंस. बाबा रे, तुझ्या धाकात राहायचं माझं वय राहिलं नाही आता."

"अगं, पण मग मी खाऊ काय?"

"ते तूच तपासून ठरव," असं म्हणून आक्काने फोन ठेवून दिला.