तिकडे राहिलेले अण्णा

"किसनअण्णा आहेत का?" असं बदनापुरात त्यांच्या दारात उभं राहून विचारलं, की आतून खुद्द किसनअण्णाच ओरडतात, "न्हाईत! तिकडं हायेत!" आणि मग स्वतःच दार उघडून चहा विचारतात. भर एप्रिलात अंगात स्वेटर! नव्या माणसाची बोबडीच वळते. मी शेजारी, मला याची सवय झाली आहे. तरी अंगावर काटा यायचा तो येतोच.

अण्णांचा जन्म बसस्टँडवर कंट्रोलरकीत गेला. गाडी लागली की नोंद, सुटली की नोंद. एखादा ड्रायव्हर नोंद न करता निघून गेला, तर गाडी जालन्याला पोचली तरी अण्णांच्या लेखी ती फलाटावरच. "नोंद न्हाई म्हंजे सुटली न्हाई. बिलकुल न्हाई!"

बायको गेल्यावर अण्णा युरोपात मुलीकडे, सुषमाकडे, राहून आले. ती तिकडे नर्स आहे, एकटीच असते. हल्ली तिकडे पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. थोड्या दिवसांच्या पाहुण्याचा चेहरा मशीन टिपतं, बोटांचे ठसे घेतं आणि माणूस कधी आला, कधी गेला ते ठेवून घेतं. अण्णा आल्याची नोंद बरोबर झाली. परतताना मशीन बंद होतं. गर्दीत कुणीतरी त्यांना तसंच पुढे सोडलं. झालं! मशीनच्या लेखी अण्णा अजून तिकडेच. आणि आमच्या अण्णांच्या लेखीही!

एकदा ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "सुषमी आत्ता रातपाळी करून आली. जिन्यातला दिवा गेलाय. मी हात धरून वर आणून राह्यलो तिला."

मी थट्टेनं तिला फोन लावला. ती धापा टाकत म्हणाली, "काका, आत्ताच वर आले. जिन्यात अंधार हाये हो सगळा."

मी अण्णांचा हात धरून पाहिला. त्या उन्हातही तो थंडगार होता. मी चहा तसाच ठेवून घरी आलो.

पुढे सुषमाचं मोठं ऑपरेशन ठरलं. सोबतीला अण्णाच हवे होते. पण नोंद दुरुस्त झाली नाही, तर मुदत संपूनही तिकडेच राहिलेला माणूस म्हणून त्यांना व्हिसा मिळणार नव्हता. परतीच्या विमानाचा बोर्डिंग पास तिकडच्या कचेरीला पाठवला की काम होणार होतं. तो अण्णांच्या खिशात होता, आणि अण्णा काही केल्या देईनात.

मी चिडलो. "अहो अण्णा, जी गाडी सुटलीच नाही, ती परत लागणार कशी?"

अण्णांनी खिशावर हात दाबून धरला. "समजतंय, भाऊ. पण निघालो त्या दिवशी तिला अचानक ड्यूटी लागल्ती. पोरीला न भेटताच, घराला कुलूप लावून आल्तो मी. आता मी गेलो अशी नोंद झाली, मंग ती खरंच एकटी पडंल."

मी नुसता हात पुढे केला.

अखेर त्यांनी पास काढून माझ्या हातावर ठेवला. "पाठव. पण आधी तिला फोन लाव."

मी स्पीकर चालू केला. अण्णा म्हणाले, "सुषमे, मी निघून राह्यलो गं."

आता पोरगी हसणार, असं मला वाटलं. ती हसली नाही. "थांबा अण्णा, दार उघडते."

कडी काढल्याचा आवाज आला. मग जिना उतरत जाणारी सावकाश पावलं ऐकू आली. सुषमा तर दारातच उभी होती, तिचा श्वास फोनला अगदी लागून ऐकू येत होता. अण्णा माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते. पावलं खाली विरून गेली.

"अण्णा," सुषमा रडत म्हणाली, "पोचल्यावर फोन करा."