पास्कूभाऊ आणि मारिया

ये गं, जवळ बस. इथं आखातात, एवढ्या जवळ कतीफमध्ये राहून महिना महिना तोंड दाखवत नाहीस, तुझी ही खाला मेली की जिवंत आहे तेही विचारत नाहीस!

आमचे समोरचे पास्कूभाऊ तू पाहिलेच नाहीस. कोरलईचे. त्या गावच्या ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज वळणाची बोली चालते. त्या पोर्तुगीजमधलं एक क्रियापद या माणसाच्या जिभेला चिकटलेलं : फिकार. राहणं, उरणं, होणं, ठेवून घेणं, सगळ्याला तेच. वर आम्हाला कळावं म्हणून मराठी शेपूट. "भाबी, चहा गार फिकारला." "ते नवं दुकान कुठे फिकारतं?" "हे दोन बांगडे तुम्हीच फिकारा."

त्यांची बायको मारिया इथंच वारली. तिला विमानानं गावी पाठवलं, पण भाऊंचा इकामा, इथं राहायचा परवाना, नेमका अडकलेला. माती द्यायलाही जाता आलं नाही. "ती फिकारली, भाबी. इथंच," एवढंच म्हणाले.

एकदा असरच्या नमाजाच्या सुमारास मी कालवण द्यायला गेले. टेबलावर दोन कप. भाऊंचा भरलेला. समोरचा अर्धा, आणि काठ ओला.

"कुणी आलंय?"

"आलंय कुठे? गेलीच नाही."

कालवण ठेवलं, त्या कपाला धक्का न लावता, आणि घरी आले, बाई.

पुढे नोकरी खलास झाली, कायमचं मायदेशी जायची फायनल एक्झिट लागली. तर हा माणूस दोन तिकिटं मागायला गेला! मारियाचा रद्द झालेला पासपोर्ट बघून तिकीटवाला म्हणाला, "चाचा, ये मॅडम तो हैं नहीं!"

"खिडकीजवळची सीट दे," भाऊ म्हणाले.

तिकीट मिळालं एकच.

जायच्या दुपारी खाली ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि भाऊ माझ्या दारात रडकुंडीला आलेले. "भाबी, तुम्ही सांगा तिला. माझं ऐकत नाही. मागच्या वेळी तिला एकटीला पाठवली. आता तिला टाकून मी नाही जायचा."

मी गेले समोर. रिकामी खोली, एसी बंद, एकच खुर्ची. काय बोलणार? शेजारणीशी बोलतात तसंच बोलले, "मारिया, ऊठ गं. यल्ला, चल, गाडी खोळंबलीय. नवरा दारात उभा आहे तुझा."

खुर्ची करकरली. लाकूड असेल. उन्हाळ्यात करकरतं.

भाऊंनी दार उघडं धरलं. गुडघे दुखणाऱ्या बाईला उंबरा ओलांडायला लागतो, तेवढा वेळ. मग कुणी धरावं तसं कोपर जरा पुढं केलं आणि एकेक पायरी थांबत जिना उतरले.

तेव्हापासून समोर कुणी आलं नाही. दुपार फार लांबते गं. लवकर ये पुन्हा.