दाताला जेल, तोंडाला कुलूप

बोलण्यात मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! ऑफिसात मला 'भोंगा' म्हणतात, तेही तोंडावर. मी वाईट वाटून घेत नाही. ज्यांना जमत नाही ते जळणारच!

पण हाच भोंगा दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत आडवा झाला की त्याची शेळी होते. मागच्या महिन्यात त्यांनी माझ्या तोंडात आरसा फिरवला आणि म्हणाल्या, "दोन दाढांवर पांढरे डाग आहेत. अजून कीड लागलेली नाही, पण दाराशी येऊन उभी आहे."

"म्हणजे ते... घुर्रर्र करणारं मशीन?" माझे पाय आपोआप पोटाशी आले.

"आत्ता नको. हे जेल लावा. यात कॅल्शियम, फॉस्फेट आहे. दाताचं कवच जिथे कमकुवत झालंय तिथे ते मुरतं. दात घासून झाले की बोटाने लावायचं. मग अर्धा तास चूळ भरायची नाही, खायचं-प्यायचं नाही आणि..." इथे त्या उगाचच थांबल्या. "बोलायचं नाही."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

बायकोला सांगितलं तर तिला हसून हसून उचकी लागली. "तुम्ही आणि अर्धा तास गप्प? त्यापेक्षा दाढा उपटून घ्या, सोपं पडेल!"

मला राग आला. पण ती खोटं बोलत नव्हती. घरी जेल लावलं की कसं कोण जाणे, विषय निघायचाच! एकदा तर राँग नंबर लावणाऱ्याशी मी मनसोक्त गप्पा मारल्या आणि सगळं जेल शर्टावर आलं. शेवटी ठरवलं, हे काम ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उरकायचं. डबा खायचा, दात घासायचे, जेल लावायचं आणि फायलीत डोकं खुपसून बसायचं. माझ्या हुशारीवर मी स्वतःच खूश झालो!

पहिल्याच दिवशी जेल लावून जागेवर टेकतो न टेकतो तोच शिपाई धावत आला. "साहेबांनी सगळ्यांना बोलावलंय. आत्ताच्या आत्ता!"

थुंकावं तर बेसिन जिन्याच्या पलीकडे. गिळावं तर लावलेलं फुकट. म्हटलं, मागच्या खुर्चीत बसू. मान डोलावण्यापलीकडे तिथे काय करायचं असतं!

साहेबांनी चष्मा पुसला. "आपला आवक-जावक विभाग सोमवारपासून तळघरात हलवायचा आहे."

आवक-जावक म्हणजे आम्ही! आणि तळघर म्हणजे काय? खिडकी नाही, पाइप गळतो, मोडक्या खुर्च्यांचा ढीग, आणि वास असा की झुरळंही नाक दाबून पळावीत!

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. शेजारच्या टायपिस्टबाईंनी कोपराने ढोसलं. "बोला ना! एरवी पंख्याच्या रेग्युलेटरवरून तासभर भांडता!"

बोलणार कसा? तोंडात लाळेचं धरण काठोकाठ भरलेलं. ओठ उघडले असते तर पुढच्या रांगेला पूर आला असता! मी गाल फुगवून साहेबांकडे बघत राहिलो.

साहेबही माझीच वाट बघत होते. बिचारे माझ्याशी भांडायची तयारी करून आले असणार. "तुम्ही म्हणाल, तिथे ओल आहे."

मी गप्प.

"रंग देऊ. म्हणाल, उजेड नाही. ट्यूबलाइट लावू!"

मी गप्प. धरण आता नाकापर्यंत आलं होतं. डोळ्यांतून पाणी ओघळलं.

"अगंबाई!" टायपिस्टबाई किंचाळल्या. "साहेब, हे रडताहेत हो! इतक्या वर्षांत या माणसाला मी कधी गप्प बघितलं नाही!"

झालं! युनियनचे सेक्रेटरी ताडकन उठले. या गृहस्थांना आंदोलन करायला निमित्त लागत नाही, फक्त जागा लागते. "बघा, साहेब! तुम्ही एका भोंग्याचा आवाज काढून घेतलात! आजपासून मौन आंदोलन! कोणी एक अक्षर बोलायचं नाही!"

आणि ओठांवर बोट ठेवून ते खाली बसले. पाठोपाठ सगळ्या ऑफिसच्या ओठांवर बोटं! शिपायाने तर दोन्ही हातांची ठेवली. बाहेर टेलिफोन केकाटत होते, कोणी उचलेना. साहेब एकेकाच्या तोंडाकडे बघून घामाघूम झाले. वरून हेड ऑफिसचा त्यांच्या मोबाइलवर फोन. "काय चाललंय तिथे? कोणी फोन का उचलत नाही?"

"काही नाही, सर, सगळे शांत आहेत," साहेब म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं असावं. फोन ठेवून ते माझ्यासमोर आले आणि हात जोडले. "बाबा रे, शिव्या दे, पण असा बघू नकोस! विभाग वरच राहील. आणि खिडकीजवळची जागा तुझी. खूश?"

टाळ्यांचा कडकडाट! सेक्रेटरींनी मला कडकडून मिठी मारली. तेवढ्या दाबाने निम्मं धरण पोटात गेलं. टायपिस्टबाई खऱ्याखुऱ्या रडल्या. मी घड्याळ पाहिलं. अर्धा तास पूर्ण! धावत बेसिन गाठलं, थुंकलो आणि छाती फुगवून परत आलो.

साहेब अजून दारातच होते. मुकाट जागेवर बसायचं, एवढंच काम होतं हो! पण इतका वेळ तुंबलेलं बोलणं... शिवाय जिंकलेल्या माणसाने थोडा मोठेपणा दाखवावा, नाही का?

"साहेब, मनाला लावून घेऊ नका," मी म्हणालो. "तसं तळघर काही वाईट नाही! उन्हाळ्यात मस्त गार राहील. शांतता आहे, फायलींना जागा आहे. खरं सांगू, तुमची कल्पना उत्तम होती!"

ऑफिसात पुन्हा शांतता पसरली. या वेळी मात्र खरी. सेक्रेटरींनी कपाळावर हात मारून घेतला.

साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू सूर्य उगवला. "असं म्हणता? बाकीचे वर राहू देत. तुम्ही जा!"

तर सध्या मी तळघरात असतो. गार आहे, हे खरं. बोलायला कोणी नाही, त्यामुळे जेल अगदी नियमाने लागत होतं. सोबतीला एक उंदीर आहे. परवा त्याने माझी ट्यूबच फोडून खाल्ली. तेव्हापासून पठ्ठ्या लोखंडी कपाटावर दात आजमावतोय!